मदत हवी आहे: जलपर्णीतून साखर निघते, पण यीस्ट हलत नाही

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी जलपर्णीपासून इथेनॉल करून बघतेय. वाळवून दळलेली पूड १ टक्का सल्फ्युरिक ॲसिडमध्ये १२१ अंशांवर ऑटोक्लेव्हमध्ये ठेवते. डीएनएस चाचणीत (रंगावरून साखर मोजायची चाचणी) रंग झकास येतो, म्हणजे साखर सुटतेय. पण द्रावण गर्द तपकिरी होतं, करपलेल्या पाकासारखा वास येतो आणि पीएच ५ वर आणूनही यीस्ट ढिम्म. फरफ्युरलचा (ॲसिडमध्ये साखर तापून बनणारं, यीस्टला मारक रसायन) त्रास असावा असा संशय आहे. शिवाय सुटलेली बरीचशी साखर झायलोज (पाच कार्बनची साखर) असणार, ती साधं बेकरीचं यीस्ट खातच नाही, हे मला फार उशिरा उमगलं!

आता दोन वाटा दिसतात. ही मारक द्रव्यं कमी करायला चुन्याने पीएच १० पर्यंत नेऊन, गाळून परत खाली आणायचा. पण त्यात साखरही थोडी जाते म्हणतात. नाहीतर ॲसिड सोडून सौम्य कॉस्टिक सोडा वापरायचा, आणि उरलेल्या चोथ्यावर ५० अंशांना सेल्युलेज (सेल्युलोज तोडून साखर करणारं एन्झाइम). मन दुसरीकडे ओढतंय, फक्त एन्झाइम महाग आणि चोथा धुताना पाणी संपता संपत नाही.

कोणी केलंय का? कॉस्टिक किती टक्के, किती वेळ? आणि धुणं कमी करायची काही युक्ती?