प्रत्येक मंडळाला एक मूल, की गावाला एक यादी?

माणदेशी

कराडकडच्या एका मंडळाची पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरतेय. मजकूर असा: डीजेचा खर्च वाचवून बालगृहातल्या मुलांना कपडे आणि फराळ दिला, सरकारी समित्या कागदावरच असतात, म्हणून आता प्रत्येक मंडळानं एकेका मुलाचं पालकत्व घ्यावं. खाली मुलांचे फोटो, चेहरे स्पष्ट.

डीजे बंद केला ते फार चांगलं झालं. बाकी सगळं मला खटकलंय आणि नीट लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी फोटो. बाल न्याय अधिनियम 2015, कलम 74. अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उद्या ही पोरं कॉलेजला जातील, नोकरी मागायला जातील, तेव्हा हा फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असणार आहे.

पण मुद्दा त्याहून मोठा आहे. बालगृहातल्या कितीतरी मुलांची आई किंवा बाप जिवंत असतो. नवरा गेला, बाई मजुरीला जाते, घरी बघायला कुणी नाही, म्हणून मूल तिथं पोचतं. संस्था हा शेवटचा उपाय, असं कायदाच सांगतो. तरी आपली सगळी मदत तिथंच जाते, कारण तिथं एका जागी पन्नास पोरं भेटतात. वाढदिवसाचं जेवणही तिथंच. त्या मुलाच्या आईला तिच्या गावात वेळेवर काही मिळालं असतं, तर तो तिथं आलाच नसता.

आणि पैसे नाहीत असं म्हणू नका. सरकारच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याला 2250 आहेत. मिशन वात्सल्य योजनेतून मुलाच्या प्रायोजकत्वाचे महिन्याला 4000 आहेत, ग्रामीण भागात वर्षाच्या 72 हजार उत्पन्नाच्या आत. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात. ऊसतोड कामगारांच्या महामंडळाला उसाच्या टनामागं मिळणारे पैसे वेगळे. यातला कुठला पैसा कुठल्या पोराला लागू होतो, हे गावात एकाही माणसाला माहीत नसतं.

माझ्या चुलतबहिणीचं सांगतो. भाऊजी गेले, दोन लेकरं. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, बोनाफाईड, पासबुक सगळं दिलं. फाइल एका टेबलावर थांबली, तोवर 31 मार्च उलटला आणि उत्पन्नाचा दाखला बाद. पुन्हा तहसील. शेवटी तिनं थोरल्याला आश्रमशाळेत घातलं. त्या वर्षी गावात तीन मंडळांचे तीन महाप्रसाद झाले.

नवा निधी काढण्याआधी प्रत्येक गावानं एक यादी करावी: कुठल्या घरात मूल अडचणीत आहे, त्याला काय लागू होतं, फाइल कुठं अडकलीय. आणि पाठपुरावा करणाऱ्या एका माणसाला मानधन द्यावं. मंडळांनी खर्च करायचा तर त्यावर करावा.

कृष्णाकाठ

ती पोस्ट आमच्या मंडळाची. फोटो उतरवलेत, त्यावर वाद घालत नाही. पण दादा, तुमच्या यादीनं कुणाचं पोट भरत नाही. आम्ही गेलो तेव्हा पोरांच्या अंगावर थंडीचे कपडे नव्हते. ते आम्ही दिले. फाइल हलेपर्यंत त्यांनी कुडकुडत बसायचं का?

आणि या मुलांसाठी कार्यकर्ते लागतात. मंडळातली पंचवीस पोरं पहिल्यांदा अशा कामाला आली. त्यांना तुम्ही तहसीलच्या रांगेत उभं करणार असाल तर पुढच्या वर्षी एकही येणार नाही, परत डीजे लागेल.

अंगणवाडीताई, खटाव

यादी, यादी. ती कोण करणार, ते मला माहितीय. ग्राम बाल संरक्षण समितीचा अध्यक्ष सरपंच आणि सचिव अंगणवाडी सेविका. म्हणजे मीच. समिती आहे, रजिस्टर आहे, सह्याही आहेत. बैठकीला येतं कोण? मी आणि आशाताई.

पोषण ट्रॅकर भरा, वजनं घ्या, गरोदर बायांच्या घरी जा, निवडणुकीचं काम करा. 2024 ला लाडक्या बहिणीचे अर्जही आमच्याच गळ्यात, अर्जामागं 50 रुपये सांगून. डिसेंबर 2023 मध्ये आम्ही संपावर बसलो तेव्हा आमच्या बाजूनं किती मंडळं आली? एकही नाही. कुठल्या घरात बाप दारू पितो, कुठल्या पोरीचं लग्न गुपचूप ठरतंय, हे आम्हाला सगळं माहिती असतं. सांगितलं की तेच घर उद्या अंगणवाडीच्या दारात भांडायला येतं आणि मागं कुणी उभं राहत नाही.

माणदेशीदादा, तुमचा विचार चांगला आहे. पण मानधनाचा माणूस वेगळा ठेवा. आमच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर नको.

रयतेचा विद्यार्थी

सातारा जिल्ह्यात बसून असली चर्चा करताना लाज वाटली पाहिजे. 1919 ला काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग झालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कुठल्या समितीची वाट बघितली? मुष्टिफंड होता. घरातली बाई रोज मूठभर धान्य बाजूला काढायची, त्यावर पोरं जेवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिलं. मंडळांनी एकेक मूल घेतलं तर तीच परंपरा पुढं जाते.

माणदेशी

सर, मुष्टिफंडाचंच उदाहरण घ्या. मूठ प्रत्येक घरातून निघायची, पण जायची एका बोर्डिंगला, एका हिशेबात. इथं प्रत्येक मंडळ आपापलं पोर निवडणार. हुशार, गोंडस, फोटोत बरं दिसणारं पोर आधी जाणार. ज्याचा बाप तुरुंगात आहे, ज्याला फिट येतात, त्याला कोण घेणार? आणि पुढच्या वर्षी मंडळाचा अध्यक्ष बदलला की त्या पोरानं कुठं जायचं? कर्मवीरांच्या संस्थेनंही पुढं शाळांसाठी सरकारी अनुदान घेतलंच होतं. लोकांचा पैसा आणि सरकारचा पैसा दोन्ही लागतो.

वाळव्याचा शेतकरी

वर कुणीतरी टनामागच्या पैशाचा विषय काढला म्हणून लिहितो. महामंडळाचं सूत्र आहे टनाला 10 रुपये कारखान्यानं, तेवढेच सरकारनं. कारखान्यानं म्हणजे कुणी? शेवटी शेतकऱ्यानंच. 2025-26 ला एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, टनाला 3550, तीही 10.25 टक्के साखर उताऱ्याला, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. त्याच हंगामाच्या तोंडावर मुख्यमंत्री निधी आणि पूरग्रस्तांसाठी मिळून टनाला 15 रुपये घ्यायचं ठरलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. ज्याला त्याला उसाचं बिल दिसतं. अनाथ पोरं, पूर, सगळं आमच्याच टनावर.

जत पूर्व

काका, तुमचा ऊस कोण तोडतं?

आम्ही तोडलाय. जतच्या पूर्वेकडनं आई-दादा कोयत्यावर जायचे, दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या मागं संसार. मुकादमाकडनं आगाऊ घेतलेली उचल आधीच खर्च झालेली असायची. माझी थोरली बहीण चौथीत होती, चांगली हुशार. धाकट्याला सांभाळायला तिला खोपीवर न्यायचे. मार्चला परत आलं की गुरुजी म्हणायचे, पुढच्या वर्षी बस. दोन-तीन वर्षं असंच झालं आणि मग ती बसलीच नाही. मी शिकलो कारण मला आजीकडं ठेवलं होतं. आजीच्या घरी एकाचंच भागत होतं. आज बहिणीच्या पोरीचं शिक्षण मी करतो, पण बहिणीची वर्षं कोण देणार?

आता पोराला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्र देतात, हंगामी वसतिगृहं आहेत. कागदावर छान आहे. पोरगं हमी पत्र घेऊन तुमच्या गावात येतं आणि फडापासून शाळा लांब असते. सकाळी चारला आई-बाप फडात गेलेले असतात. त्याला शाळेत सोडणार कोण? कारखान्याच्या हद्दीतल्या एका तरी गावानं हंगामात मोजलंय का, आपल्या शिवारात किती पोरं उतरलीत?

वाळव्याचा शेतकरी

माझ्या रानात टोळी असते तेव्हा त्यांच्या लेकरांना आमच्या घरनं दूध जातं, तुम्ही मला माणुसकी शिकवू नका.

जत पूर्व

दूध देता त्याबद्दल तुमचे उपकार मानतो. मी शाळेबद्दल विचारलं.

हिशेबनीस

महामंडळाचे हे 10 रुपये कारखान्याच्या खर्चात धरायचे आहेत, एफआरपीतून कापायचे नाहीत. तुम्ही म्हणाल शेवटी भार आपल्यावरच, तो वाद वेगळा. दहा लाख टन गाळपाच्या कारखान्याचे त्यातून एक कोटी होतात.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजासाठी करायच्या खर्चाचं, नाव कुणी काढायच्या आत सांगतो: कंपनी कायद्याचं कलम 135 सहकारी कारखान्याला लागू होत नाही, ती कंपनी नाही. म्हणजे सांगली-साताऱ्यातल्या सहकारी कारखान्यांकडून 2 टक्के कायद्यानं मागता येत नाहीत. म्हणून हातात आहेत ते हे टनाचेच पैसे, आणि ते कुठल्या गावात, किती पोरांवर खर्च झाले हे सभासदाला कळलं पाहिजे.

वाळव्याचा शेतकरी

हे एक बरोबर बोललात. वार्षिक सभेत अहवालाच्या पानावर लिहा, आपल्या गटात इतकी पोरं, इतक्यांना शाळेत पोचवायला गाडी, इतका खर्च. एवढं दाखवलं तर 10 रुपयांवर मी तोंड उघडणार नाही. पंधराचं मात्र मान्य नाही, आणि अकरावा रुपयाही देणार नाही.

कृष्णाकाठ

विषय उसात गेला. माणदेशीदादा, पाठपुराव्याच्या माणसाला महिन्याला किती लागतील ते सांगा. आमच्या डीजेचे वाचलेले पैसे अजून थोडे शिल्लक आहेत. पण पोरांना कपडे देणं आम्ही थांबवणार नाही, हे आताच सांगतो.

माणदेशी

कपडे द्या, फक्त आधी बालगृहाच्या अधीक्षकांना विचारा काय कमी आहे. माणसाचं म्हणाल तर तालुक्यात आठ-दहा मंडळं मिळून एक बी.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदवी) झालेली मुलगी अर्धवेळ ठेवू शकतात. दोन कामं: तहसीलमधून दाखले काढणं, आणि ज्यांना अशा मुलांचे निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीसमोर उभं राहायचंय त्यांना घेऊन जाणं. समितीनं महिन्यात किमान 20 दिवस बसायचं असतं, पण म्हसवडच्या बाईची साताऱ्याला जायची मजुरी बुडते. तो एसटीचा आणि मजुरीचा खर्च मंडळानं द्यावा. यादीसाठी अंगणवाडीताईंना वेठीला धरू नका, त्यांना फक्त विचारा.

अंगणवाडीताई, खटाव

विचारायला या. नावं मी सांगते. पण ग्रामसभेत सरपंचासमोर ती नावं मी दिली असं म्हणायचं नाही, आणि मंडळाच्या ग्रुपवर तर अजिबात टाकायची नाहीत.