लिलावात कव्हरं 640 ची, पोस्टेज 480! द्यावं का?

दादरकर_संग्राहक: नमस्कार मंडळी. ऑनलाइन लिलावात कोलकात्याच्या एका विक्रेत्याकडून चार फर्स्ट डे कव्हरं (नवं तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का असलेली पाकिटं) जिंकली, मिळून 640 रुपये. आता तो प्रत्येक कव्हरामागे 120 पोस्टेज मागतोय. चारही एका पाकिटात आरामात मावतात. लिस्टिंगमध्ये फक्त ‘पोस्टेज वेगळे’ असं होतं. मला 150 च्या वर द्यायचे नाहीत. काय करू?

पार्ल्याचा_पोस्टमन: म्हणून मी लिलावात पडतच नाही. जीपीओच्या (मुख्य पोस्टाच्या) फिलाटेलिक ब्युरोत, म्हणजे तिकीट-संग्राहकांच्या विभागात जातो, हातात घेऊन बघतो. जुन्या मालासाठी फोर्टातला ओळखीचा डीलर. हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील, पण असा ताप नाही.

मुलुंड_मैना: रजिस्टरने पाठवायला सांगा, स्वस्त पडतं.

टपालखुणा: ताई, रजिस्टर 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टात विलीन झालं. ऑक्टोबरपासूनचे दर बघा: दीड-दोन हजार किलोमीटरला 250 ग्रॅमपर्यंतचं पाकीट 72 रुपये, वर जीएसटी. म्हणजे 85 च्या आसपास. 480 कुठून आले?

मुलुंड_मैना: रजिस्टर बंद करायलाच नको होतं. सामान्य माणसाची सोय होती ती.

जुनं_ते_सोनं: मी स्वतः विकतो, म्हणून सांगतो. दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा, प्लास्टिक, पोस्टाची रांग, हे कोण मोजणार? मी पॅकिंगचे 40 घेतो आणि ते आधीच लिहितो.

टपालखुणा: आधी लिहिता ना, मग वादच नाही. हा बोली संपल्यावर सांगतोय. काहीजण मुद्दाम बोली कमी ठेवून पोस्टेजमध्ये वसूल करतात. ईबे पोस्टेजवरही कमिशन घेतं, त्यामागचं एक कारण हेच.

वकील_बोरिवली: ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत, त्यात डिलिव्हरी, पोस्टेज, हाताळणी असं सगळं फोडून दाखवायला हवं. फक्त हा नियम नियमित धंदा करणाऱ्याला लागतो, घरातला संग्रह विकणाऱ्याला नाही. त्याची बाकीची लिस्टिंगं बघा. धंदेवाला असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. त्याआधी ‘एकत्र पाकीट, पावतीप्रमाणे पोस्टेज’ असं लेखी मागा.

पार्ल्याचा_पोस्टमन: 1915 ला फोन करून वर्षानुवर्षं वाट बघा.

वकील_बोरिवली: माझ्या अशिलाचे पैसे परत आले आहेत. न वापरता नावं ठेवू नका.

सायन_सुधा: सरळ रद्द करा हो! 85 चे 480 म्हणजे लूट आहे.

दादरकर_संग्राहक: सगळ्यांचे आभार. एकत्र पाकिटाचं लेखी मागितलं, तो 400 वर आला, पुढे हलला नाही. दिले. त्यात 1953 च्या रेल्वे शताब्दीचं कव्हर आहे, 16 एप्रिलचा शिक्का, अगदी स्वच्छ. बोरीबंदर-ठाणे गाडीच्या शंभरीचं कव्हर माझ्या संग्रहात नव्हतं आणि मला ते हवंच होतं. पावतीचा फोटो मागितलाय. फीडबॅकमध्ये पोस्टेजचा आकडा लिहिणार, म्हणजे पुढचा माणूस बोली लावण्याआधी विचारेल.