मदत हवी आहे: लंडनच्या बाईला कुठली मराठी बोलायला लावू?

नमस्कार मंडळी. आमच्या फिल्म क्लबात पुढच्या महिन्यात ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ (१९३५) दाखवतोय. जेमतेम पंधरा मिनिटांचा माहितीपट, आर्थर एल्टन आणि एडगर अ‍ॅन्स्टी यांचा. पैसे ब्रिटनच्या गॅस उद्योगाचे. नवी घरं बांधली की स्वयंपाक आणि पाणी तापवणं गॅसवर की विजेवर, हा त्यांचा धंद्याचा प्रश्न. त्यातून गरिबांच्या घरांबद्दलची कळकळ आली! तरी फिल्म खोटी वाटत नाही, हीच तर गंमत.

कारण पूर्व लंडनमधल्या स्टेपनी भागातले भाडेकरू स्वतःच कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. भिंतीतले किडे, वाकडे जिने, घरात शिरलेला उंदीर... एक बाई तर तो किस्सा असा रंगवून सांगते की हसू येतं आणि लगेच लाज वाटते.

मराठी सबटायटल्स मी करतोय आणि इथेच अडलोय. ही माणसं पूर्व लंडनच्या ठसक्यात बोलतात. प्रमाण मराठी घातली तर ती शाळामास्तर वाटतात, मालवणी किंवा वऱ्हाडी घातली तर उगाच विनोदी. गिरणगावातल्या चाळीची बोली चालेल का? दुसरं, स्टेपनीचे नगरसेवक मात्र छापील बोलतात, तो फरक दोन ओळींच्या सबटायटलमध्ये कसा दाखवायचा?

कुणी बोलीभाषेतली सबटायटल्स केली असतील तर दोन-चार ओळींचा नमुना टाका. आणि ‘स्लम क्लिअरन्स’ला ‘झोपडपट्टी निर्मूलन’ नको वाटतंय. ती पक्की, विटांची घरं होती. दुसरा शब्द सुचवा ना.