४० हर्ट्झचा भुंगा आणि डोक्याला शॉट

नळस्टॉपकर: काल इथे एकाने टाकलंय, रोज तासभर ४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४० वेळा थरथरणारा आवाज ऐका, स्मृतिभ्रंश जवळ फिरकणार नाही. खाली हेडफोनची लिंक. अहो, तासभराचा तो प्रयोग उंदरांवरचा! एमआयटीच्या ली-ह्युई त्साई यांच्या गटाने २०१६ला लुकलुकता दिवा वापरला, २०१९ला आवाज. उंदरांच्या मेंदूतलं अमायलॉइड, म्हणजे स्मृतिभ्रंशात साचणारं प्रथिन, घटलं. २०२३ला मेंदूशास्त्रज्ञ बुझाकींच्या प्रयोगशाळेला दिव्याने तसं काही दिसलं नाही. हे कोण लिहिणार?

तोमीच: मीच टाकलं ते. घ्या म्हणून मागे लागलो का कोणाच्या? मेंदूला जोडलेल्या व्हेगस नसेला विजेचे झटके देणारं यंत्र अमेरिकेत १९९७लाच अपस्मारासाठी मंजूर झालंय. नावं ठेवणारे तेव्हाही असणारच.

नळस्टॉपकर: ते शस्त्रक्रिया करून छातीत बसवतात. मी आईसाठी त्याच नसेला कानातून झटके देणारा चिमटा आणला, १८ हजारांचा. चौथ्या दिवशी दोरीवर टॉवेलला लावलेला सापडला.

शनिवारवाली: त्यापेक्षा ओंकार म्हणा, फुकट आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०११ला एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं स्कॅन करून बघितलंय.

नळस्टॉपकर: १२ जणांवर.

शनिवारवाली: तुमचा चिमटा तर एकीवरच!

पेठेतलात्रस्त: आवाजाने मेंदू सुधारत असता तर नदीपात्रातल्या ढोलांनी एव्हाना अख्खं पुणं आईन्स्टाईन झालं असतं. काल पावणेदहाला कपाटातल्या वाट्या नाचत होत्या.

टिपरूवाला: आलेच! दहाच्या आत थांबतो आम्ही. डीजेवाल्यांसमोर बरी दातखीळ बसते.

पेठेतलात्रस्त: रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल. नियम वाचा.

टिपरूवाला: ५५मध्ये तुमचा मिक्सरही बसत नाही.

शनिवारवाली: मिक्सर चटणीपुरता चालतो रे. दोन महिने नाही.

टिपरूवाला: काकू, मी सात वर्षं वाजवतोय, कान शाबूत आहेत. बोळे घालतो.

पेठेतलात्रस्त: वा! वाजवणारा बोळे घालणार आणि माझ्या ८१ वर्षांच्या बाबांनी उघड्या कानांनी ऐकायचं.

तोमीच: धागा कशावर होता?

नळस्टॉपकर: कानांवरच आलाय. २०२३चा अचिव्ह अभ्यास बघा. ९७७ ज्येष्ठ, तीन वर्षं, श्रवणयंत्रं. एकूणात फरक नाही. पण ज्यांना धोका जास्त, त्यांची बौद्धिक घसरण ४८ टक्के मंदावली. आईलाही शेवटी श्रवणयंत्रच घेतलं. विसरते अजून, पण कुकरच्या शिट्ट्या मोजते. परवा मलाच ओरडली, "चार झाल्या, बंद कर!"

तोमीच: म्हणजे कानातून मेंदूला फायदा होतो. मी वेगळं काय म्हणत होतो?

नळस्टॉपकर: हो हो, तुम्हीच म्हणालात. सत्कार कुठे ठेवू?

टिपरूवाला: पथक लागलं तर सांगा.

पेठेतलात्रस्त: दहाच्या आत!