मदत हवी आहे: दोन डीव्हीडी रायटर आणि तीन हार्ड डिस्क एकाच कॅबिनेटमध्ये कशा बसवाव्यात?

नमस्कार मंडळी,

मी वेंगुर्ल्याचा रहिवासी आहे. माझे वडील अनेक वर्षे लग्नांचे आणि जत्रांतील दहिकाल्यांचे चित्रीकरण करीत असत. त्या कामाच्या सुमारे ३५० डीव्हीडी घरात असून, गेल्या दोन पावसाळ्यांत त्यांपैकी काहींवर बुरशीचे ठिपके दिसू लागल्यामुळे त्या सर्व हार्ड डिस्कवर उतरवून घेण्याचे मी ठरविले आहे. प्रत्येक डीव्हीडी पूर्ण ४.७ जीबी भरलेली धरली, तरी एकूण १,६४५ जीबी होतात. म्हणून २ टीबीची नवी साटा (डिस्क व रायटर मदरबोर्डला जोडण्याची नवी पद्धत) डिस्क आणली आहे.

अडचण मांडणीची आहे. मदरबोर्ड जुना असून त्यावर साटाचे चार पोर्ट आणि आयडीईचा (जोडणीच्या जुन्या पद्धतीचा) एकच कनेक्टर आहे. विंडोज असलेली ५०० जीबीची डिस्क आणि एक रायटर साटाचे आहेत, तर दुसरा रायटर आणि वडिलांची ८० जीबीची जुनी डिस्क आयडीईची आहे. रायटर वरच्या ५.२५ इंची खणात आणि डिस्क खालच्या ३.५ इंची खणात ठेवल्यास आयडीईची चपटी केबल दोन्हींना पुरत नाही, कारण तिच्या मधल्या आणि शेवटच्या कनेक्टरांत जेमतेम वीतभर अंतर आहे. डिस्क कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर ठेवून जोडली, तेव्हा बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) दोन्ही दिसली. पण त्या रायटरमधून त्या डिस्कवर एक डीव्हीडी उतरवण्यास पाऊण तास लागला. तीच डीव्हीडी साटा रायटरमधून नव्या डिस्कवर दहा मिनिटांच्या आत उतरली.

यात दोष केबलचा, जंपरचा (एका केबलवरील दोन उपकरणांत मास्टर, म्हणजे पहिले, कोणते हे ठरवणाऱ्या छोट्या टोपीचा) की रायटरचा? शिवाय तीन डिस्क एकावर एक बसवल्यास त्या फार तापतील काय? सध्या उकाड्यामुळे मी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढूनच ठेवला आहे.

प्रतिसाद:

रायटर बहुधा निर्दोष आहे. आयडीईच्या एका केबलवरील दोन उपकरणे एकाच वेळी माहिती देऊ-घेऊ शकत नाहीत. त्यामुळे वाचणे आणि लिहिणे आळीपाळीने होते. तरीही केवळ त्यामुळे पाऊण तास लागणार नाही. माझा संशय वेगळा आहे. बुरशी आलेली डीव्हीडी वाचताना वारंवार चुका झाल्या, तर विंडोज ते उपकरण डीएमएवरून (माहिती थेट मेमरीत नेणाऱ्या वेगवान पद्धतीवरून) पीआयओ या जुन्या, संथ पद्धतीवर उतरवते आणि मग सारे काम प्रोसेसरच्या डोक्यावर येऊन वेग कोसळतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या आयडीई चॅनलचा ट्रान्सफर मोड पाहा. पीआयओ दिसल्यास ते चॅनल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करा.

८० जीबीची डिस्क कायमची बसवण्याचा अट्टाहास मात्र सोडा. आज रायटर काढून ती एकटी जोडा, तिच्यातील सर्व काही नव्या डिस्कवर घ्या आणि तिला कपाटात ठेवा. नंतर रायटर केबलच्या शेवटच्या कनेक्टरला, जंपर मास्टरवर ठेवून जोडा. मधल्याला जोडून टोक मोकळे सोडू नये. १६ एक्स वेगातही डीव्हीडी सेकंदाला सुमारे २२ एमबीच देते, त्यामुळे आयडीई तिला अपुरी पडत नाही. मग दोन्ही रायटर एकाच वेळी चालवता येतील.

खाली दोनच डिस्क उरतील. त्या पहिल्या आणि तिसऱ्या खणात बसवा. पत्रा आधी लावा. तो काढला की पुढच्या पंख्याची हवा डिस्कवरून न जाता बाजूने निघून जाते, आणि समुद्राची खारी हवा कनेक्टरांवर बसते ती वेगळीच.

धागाकर्ता:

आपले निदान अचूक ठरले. मोड पीआयओच दाखवीत होता. चॅनल काढून संगणक पुन्हा सुरू केल्यावर आयडीई रायटरही तीच डीव्हीडी बारा मिनिटांत उतरवू लागला आहे. जुन्या डिस्कमधील फाइलीही मिळाल्या. आता एकच शंका उरली आहे: रायटरचे स्क्रू नव्या डिस्कला दोन आट्यांनंतर अडकतात. जोर लावावा काय?

प्रतिसाद:

मुळीच लावू नका. ३.५ इंची डिस्कच्या स्क्रूचे आटे जाड असतात आणि रायटरच्या स्क्रूचे बारीक. जुन्या डिस्कचे चार स्क्रू आता मोकळेच आहेत, ते वापरा.