सकारात्मक विचारांची सवय मनाला लावता येते का?

प्रश्न:
शिरोली एमआयडीसीत माझे छोटे मशीन शॉप आहे. महिनाअखेरीची देणी जवळ आली की ‘आता सगळे बिघडणार’ हा एकच विचार रात्रभर घोळत राहतो. घरची मंडळी ‘चांगले विचार करा’ म्हणतात. परंतु ते नेमके करायचे कसे?

प्रतिसाद १:
मनाला बळेच गोड बोलायला लावून ताण हटत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आरॉन बेक यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या उपचारपद्धतीचा गाभा असा की, प्रसंगाइतकाच त्याविषयी आपोआप उमटणारा विचार आपल्याला छळतो, आणि तो कागदावर उतरवून त्याच्या बाजूचे व विरुद्धचे पुरावे तपासता येतात. ‘सगळे बिघडणार’ याऐवजी ‘दोन देणी लांबतील, बाकीची भागतील’ हे वाक्य गोड नसले तरी खरे असते. हे लेखन अंथरुणात न करता संध्याकाळी ठरावीक वेळी करावे.

प्रतिसाद २:
सहमत. सोबत पहाटे रंकाळ्याला फेरी मारावी. मात्र तेथे धंद्याच्याच गप्पा मारणारी टोळी कटाक्षाने टाळावी!

प्रतिसाद ३:
झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, तर केवळ वहीवर विसंबू नये. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क मिळते आणि तेथे मराठीतही बोलता येते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. परंतु पुरावे तपासल्यावर परिस्थिती खरोखरच वाईट निघाली तर?

प्रतिसाद १:
मग ती व्यवहाराची अडचण समजून, ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांच्याशी मुदतीविषयी आधीच बोलून घ्यावे.