सकाळी ट्रक लवकर सुरू होत नाही: पंप-नोझल उतरवण्याआधी काय तपासावे?

निफाडचा_वाहतूकदार

सर्व जाणकारांना नमस्कार. आमची दहाचाकी गाडी पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून वाशीला आणि उरणच्या बंदराकडे जाते. गाडी बीएस-3 (धुराबाबतचा जुना नियम) काळातली, सहा सिलिंडरची आणि इनलाइन पंपाची (प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्ट्या असलेला डिझेल पंप) आहे. रात्रभर उभी राहिली की सकाळी तीन-चार वेळा लांबवून सेल्फ मारावा लागतो. पहिल्या दोन वेळा सायलेन्सरमधून धुराचा मागमूसही नसतो. मग अचानक पांढरट धूर येतो, इंजिन अडखळत सुरू होते आणि मिनिटभरात सुरळीत चालू लागते. एकदा सुरू झाल्यावर दिवसभर तक्रार नाही, कसारा घाटात ओढही कमी वाटत नाही आणि अॅव्हरेज नेहमीइतकेच आहे.

गॅरेजमध्ये पंप उतरवून कॅलिब्रेशन (डिझेलचे माप जुळवणे) करण्याचा आणि सहाही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडे) बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. खर्च मोठा आहे आणि हंगामात गाडी उभी ठेवणे परवडणारे नाही. हे काम खरोखर गरजेचे आहे का, त्याआधी आम्ही स्वतः काय तपासू शकतो आणि काम करायचेच झाले तर कोणत्या प्रकारच्या कारागिराकडे जावे, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

पंपरूम_सांगली

दादा, माझा व्यवसायच डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचा आहे, तरीही आपल्याला सांगतो की आजच पंप उतरवू नका. आपण दिलेल्या वर्णनात दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे सुरुवातीला धूर अजिबात न येणे. सेल्फ नीट फिरत असताना धूर येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणे) कमी असते किंवा नोझल नुसते ठिबकत असते, तर न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर पहिल्याच सेल्फला दिसला असता. दुसरी गोष्ट म्हणजे एकदा सुरू झाल्यावर ओढ आणि अॅव्हरेज चांगले असणे. झिजलेला पंप सकाळपुरता त्रास देऊन दिवसभर गप्प बसत नाही, घाटात तो स्वतःला दाखवतोच.

माझा अंदाज असा आहे की रात्री डिझेल लाइनमधून मागे टाकीत उतरते आणि त्याच्या जागी हवा शिरते. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळू लागला की सकाळी ती पाणी उचलत नाही, तसाच हा प्रकार आहे. टाकी आणि फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा छोटा पंप) यांच्यामधली लाइन ओढीवर चालते, म्हणून तिथे बारीक भोक असले तरी इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. जमिनीवर एक थेंबही दिसत नसल्यामुळे तिथे कोणाचे लक्ष जात नाही आणि संशय थेट पंपावर येतो.

उद्या सकाळी सेल्फ मारण्याआधी फीड पंपावरचा हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढण्याचा दट्ट्या) सोडवून हाताने मारा. पहिले बरेच ठोके हलके, पोकळ लागले आणि मग हाताला जड लागू लागले, तर लाइन रिकामी झाली होती हे निश्चित समजा. प्रायमर पुन्हा घट्ट आवळून सेल्फ मारा. गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली, तर पंप आणि नोझल यांच्यावरचा संशय बहुतांशी दूर होतो.

त्यानंतर हवा कुठून येते ते शोधावे. फीड पंपाच्या इनलेटला हातभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी जोडा आणि इंजिन चालू ठेवून बुडबुडे दिसतात का पाहा. बुडबुडे दिसले तर टाकीकडची लाइन सोडून, स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून फीड पंपाला थेट नळी द्या. कॅनवर बुडबुडे थांबले आणि रात्रभर तशीच जोडून ठेवलेली गाडी सकाळी चटकन सुरू झाली, तर दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच टप्प्यात आहे. कॅनवरही तोच त्रास राहिला, तर फीड पंपाचे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (डिझेल मागे जाऊ न देणारे), प्रायमरचे सील, फिल्टरच्या बाउलचे रबर, बँजो बोल्टांचे (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) वॉशर आणि पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह (जादा डिझेल परत सोडणारा) पाहावा. वॉशर जुनेच उलटे करून बसवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या हवेच्या तक्रारींत ते नेहमी सापडते. बोल्ट उघडला की वॉशर नवाच घालावा.

एक आग्रहाची विनंती आहे. एअर फिल्टरपाशी जळता बोळा धरणे किंवा ईथरचा स्प्रे मारणे कृपया टाळावे. ईथर वेळेआधीच पेट घेतो, त्यामुळे रिंगा आणि पिस्टन यांना इजा होते आणि इंधनाचा साधा दोष इंजिनाच्या कामावर जातो. सेल्फही एका वेळी 10-15 सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये मिनिटभर थांबावे.

घाटमाथा

वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे, फक्त दोन साध्या तपासण्यांची भर घालतो. सेल्फ मारताना दोन्ही बॅटऱ्यांचा एकत्रित व्होल्टेज मोजा. 24 व्होल्टांच्या गाडीत तो 19 च्या खाली जात असेल, तर इंजिन पुरेशा वेगाने फिरत नाही आणि डिझेल पोहोचले तरी पेटत नाही. दुसरे म्हणजे इंजिन बंद करण्याच्या केबलचा लिव्हर पंपावर पूर्ण मागे येतो का ते डोळ्यांनी पाहा. केबल गंजून अर्धवट अडकली की पंप डिझेल देतच नाही किंवा कमी देतो. केबलऐवजी सोलेनॉइड (विजेवर डिझेल चालू-बंद करणारा भाग) असलेल्या गाडीत चावी फिरवल्यावर त्याचा टक् असा आवाज ऐकावा.

टाकी भरलेली असताना गाडी लवकर सुरू होते का, हेही कळवावे.

निफाडचा_वाहतूकदार

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. घाटमाथा साहेब, आपला प्रश्न अचूक होता. ड्रायव्हरला विचारल्यावर तो म्हणाला की टाकी फुल असली की त्रास जाणवत नाही, अर्ध्याखाली गेली की वाढतो. व्होल्टेज आणि केबल दोन्ही ठीक निघाले. प्रायमर मारल्यावर गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली, पारदर्शक नळीत बारीक बुडबुड्यांची सलग रांग दिसली आणि कॅन जोडल्यावर ती थांबली.

मग टाकीपासून लाइन हाताने चाचपत आलो. चेसिसवरच्या एका क्लॅम्पचे रबर झिजून गेले होते आणि लोखंडी पाइप थेट पत्र्यावर घासत होता. क्लॅम्प काढल्यावर पाइपावर नखाएवढा चपटा, चकचकीत झालेला भाग दिसला आणि त्याच्या कडेला धूळ धरलेला ओलसर काळा डाग होता. पाइपाचा तो तुकडा आणि क्लॅम्पचे रबर बदलले. तेव्हापासून गाडी अर्ध्या टाकीवरही सकाळी लगेच सुरू होते आहे.

लातूर_टिप्पर

धागा वाचून माझी अडचण मांडतो. माझा टिप्पर बीएस-6, कॉमन रेलचा (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारा) आहे. सकाळी तो उत्तम सुरू होतो, पण खाणीवर तापलेला असताना बंद केला की पुन्हा सुरू होण्यास फार वेळ घेतो. मीही हवाच शोधावी का?

पंपरूम_सांगली

आपला दोष वेगळ्या दिशेचा वाटतो. तापलेले डिझेल पातळ होते, त्यामुळे झिजलेल्या इंजेक्टरमधून आणि हाय प्रेशर पंपातून आतल्या आत होणारी गळती वाढते. सेल्फच्या वेगावर रेलमध्ये साधारण 200 बार तरी दाब तयार झाल्याशिवाय बहुतेक इंजिनांचा ईसीएम (इंजिनाचा संगणक) इंजेक्टर उघडू देत नाही. थंड असताना तो दाब जमतो, गरम असताना जमत नाही.

डिझेल फिल्टर तुंबलेला नाही याची खात्री करून स्कॅनर लावा आणि गरम इंजिनावर सेल्फ मारताना अपेक्षित रेल प्रेशर व प्रत्यक्ष रेल प्रेशर शेजारी शेजारी वाचा. प्रत्यक्ष दाब मागे राहत असेल, तर प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला वेगळी बाटली लावून परत येणारे डिझेल मोजावे. ज्याची बाटली इतरांपेक्षा लक्षणीय लवकर भरते, तो इंजेक्टर आधी तपासावा. सगळ्या सारख्याच आणि मर्यादेत असतील, तर रेलवरचा प्रेशर लिमिटिंग व्हॉल्व्ह, पंपाचे मीटरिंग युनिट (पंपात किती डिझेल जावे हे ठरवणारे) आणि शेवटी पंप असा क्रम ठेवावा. दाब पुरेसा असूनही इंजिन सुरू होत नसेल, तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरते हे ईसीएमला कळवणारा) गरम झाल्यावर सिग्नल सोडतो का ते पाहावे.

जुन्या गाडीत हवा काढण्यासाठी आपण नोझलचा पाइप सैल करून सेल्फ मारतो. कॉमन रेलवर हे कधीही करू नये. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, ती धार कातडी भेदून डिझेल शरीरात घुसवते आणि अशी जखम वरून लहान दिसली तरी तातडीने शस्त्रक्रियेची ठरते. फिल्टर बदलतानाही नव्या फिल्टरमध्ये वरून डिझेल ओतू नका, प्रायमरनेच भरा, कारण न गाळलेला कण थेट इंजेक्टरच्या तोंडाशी जातो.

कारागिराबद्दल मूळ प्रश्नात विचारले होते, ते दोघांनाही सांगतो. ज्याच्याकडे स्वतःचा टेस्ट बेंच (पंप-इंजेक्टर बाहेर चालवून मोजण्याचे यंत्र) आहे आणि जो दुरुस्तीच्या आधीचे व नंतरचे आकडे लेखी देतो, त्याच्याकडेच पंप किंवा इंजेक्टर द्यावा. काढलेले जुने सुटे भाग परत मागून घ्यावेत आणि आपल्यासमोर बेंचवर लावायला सांगावे. चांगला पंपवाला याला कधीच नाही म्हणत नाही.